परवान्याची दुसरी तपासणी

 देशभरच्या जिल्हा न्यायालयांसाठी आखलेल्या ई-कोर्ट्स योजनेने उबंटू ही मुक्त संगणकप्रणाली पत्करली, तर खटल्यांच्या नोंदींची सीआयएस ही आज्ञावली पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रात घडली. दप्तर कोणाच्या हाती द्यावे, हा अभिलेखकक्षातला जुना प्रश्न त्यामुळे आता प्रणालीच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, क्षणाक्षणाला निकालात काढावा लागतो.

1969 मध्ये जन्मलेल्या युनिक्सने या प्रश्नाला दिलेले उत्तर सुटसुटीत होते. फाइलचा मालक, त्याचा गट आणि इतर सर्व, अशा तीन वर्गांना वाचण्याची, लिहिण्याची व चालवण्याची परवानगी निरनिराळी द्यावी, आणि ती मालकाच्या मर्जीवर सोपवावी. या व्यवस्थेत एक गृहीतक दडलेले होते: माणसावर टाकलेला विश्वास त्याने चालवलेल्या प्रत्येक आज्ञावलीलाही आपोआप लागू होतो. पक्षकाराने एका कामापुरते वकीलपत्र द्यावे आणि वकिलाच्या कारकुनाने त्याच कागदाच्या बळावर पक्षकाराची सारी मिळकत चाळावी, असाच हा प्रकार होय. दूषित दस्तऐवज उघडणारी साधी आज्ञावलीही वापरणाऱ्याच्या सर्व फाइलींची मुखत्यार बनते.

अमेरिकन हवाई दलासाठी 1972 मध्ये लिहिलेल्या अहवालात जेम्स अँडरसन यांनी या दोषावर नेमके बोट ठेवले. प्रत्येक वापर ज्याच्या नजरेखालून गेलाच पाहिजे, ज्याच्यात कोणाला ढवळाढवळ करता येऊ नये, आणि ज्याची संपूर्ण पारख करता यावी इतका जो लहान असावा, असा एक निरीक्षक त्यांनी कल्पिला. ही कल्पना सर्वसामान्यांच्या यंत्रांपर्यंत पोहोचायला जवळजवळ तीन दशके लागली. डिसेंबर 2000 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने लिनक्स कर्नलसाठीची एसईलिनक्स ही सुरक्षाव्यवस्था प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी ती कर्नल विकसकांच्या परिषदेत मांडली गेली, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कोणतेही एकच धोरण कर्नलच्या माथी न मारता निरनिराळी धोरणे सुरक्षा मॉड्यूल म्हणून जोडता येतील अशी सर्वसाधारण चौकट मागितली. डिसेंबर 2003 मधील लिनक्स 2.6 मध्ये ती आली.

या चौकटीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे तपासणीच्या जागेची निवड. फाइल उघडण्याची विनंती आली की कर्नल प्रथम मार्गाचा माग काढतो, मालकी-गटाच्या जुन्या परवानग्या पाहतो, आणि त्या अनुकूल असतील तरच सुरक्षा मॉड्यूलला विचारण्याच्या ठरावीक जागी, म्हणजे ‘हुक’पाशी, येतो; तेथे मॉड्यूल नकार देऊ शकते, परंतु जुन्या नियमाने नाकारलेले बहाल करू शकत नाही. हीच तपासणी बाहेर, विनंती दाखल होतानाच केली असती, तर नाव तपासल्यानंतर आणि फाइल उघडण्यापूर्वी त्या नावामागची फाइलच बदलण्यास धूर्ताला अवसर मिळाला असता. हुकपाशी मात्र प्रत्यक्ष वस्तूच हाती असते. फाइल उघडल्यावरही प्रत्येक वाचन-लेखनापूर्वी कर्नल मॉड्यूलला विचारतो. म्हणजे मधल्या काळात हुकूम फिरला असेल, तर तो अमलात आणण्याची संधी राहते. तथापि स्मृतीत मांडून घेतलेल्या फाइलच्या बाबतीत ही पहारेदारी अपुरी पडते, कारण मांडणी एकदा मंजूर झाली की पुढचे प्रत्येक वाचन हुकपर्यंत येत नाही.

एसईलिनक्स फाइलला चिकटवलेल्या लेबलवरून निर्णय देते. उबंटूमधील ॲपआर्मर हे मॉड्यूल फाइलच्या मार्गावरून निर्णय देते. एकाच फाइलला दोन नावे असू शकतात, म्हणून लेबलची पद्धत तत्त्वतः अधिक भक्कम, हे मान्यच केले पाहिजे. परंतु जो नियम व्यवस्थापकाला वाचून समजत नाही, तो पहिल्याच गाऱ्हाण्याला रद्द होतो, आणि म्हणून न्यायालयासारख्या कचेरीत ॲपआर्मरची सुबोधता मला अधिक उपकारक वाटते.

अशा कचेऱ्यांची यंत्रे सांभाळणाऱ्यांना म्हणूनच एक विनंती आहे. एखादे काम अडले तर मॉड्यूल बंद करू नका. त्या एका आज्ञावलीचा नियम काही काळ केवळ नोंद घेणाऱ्या ‘कंप्लेन’ अवस्थेत ठेवा, नोंदवही वाचा, नियम दुरुस्त करा आणि पुन्हा त्याचा अंमल सुरू करा.