रेल्वे पडद्यावर, मोह झाडाखाली

गडचिरोली जिल्ह्यात रेल्वेचं स्थानक वर्षानुवर्षे एकच होतं, वडसा म्हणजे देसाईगंज. एटापल्ली-भामरागडकडच्या कित्येक मुलांना रेल्वे भेटली ती पुस्तकातच. पुस्तक मात्र सगळ्या राज्याला सारखं. अशा शाळेत टीव्ही लागला आणि त्यावर धडधडत गाडी आली, की अख्खा वर्ग डोळे विस्फारून बसतो. बसणारच! समुद्र, बर्फ, मुंबईची लोकल हे सगळं नुसत्या खडूने फळ्यावर उभं करायचं, तर भल्याभल्या गुरुजींचा घाम निघेल.

पण त्याच पडद्यावर वाघ आला की? ताडोब्याच्या कडेला राहणाऱ्या पोराने वाघाचा माग ओल्या मातीत पाहिलेला असतो. गुरं कुठल्या वाटेने न्यायची नाहीत, हे त्याला घरातून कळलेलं असतं. त्याला पडदा सांगतो, वाघ हा मांसाहारी प्राणी आहे. पोरगं खिडकीबाहेर बघू लागतं आणि आपण म्हणतो, याचं लक्ष नसतं.

भाषेचंही तसंच. भामरागडचं मूल घरी माडिया बोलतं, सिरोंच्याकडचं तेलुगू. चित्रफीत बोलते पुस्तकी मराठी, तीही घाईघाईत. मुलाच्या चेहऱ्यावर ‘नाही समजलं’ उमटलं तरी चित्रफीत पुढेच जाते. थांबतात ते गुरुजी. भामरागडजवळच्या हेमलकशाला 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, 1976 मध्ये शाळा. सुरुवातीला मुलं शाळेतून पळून जंगलवाटेने घर गाठायची. त्यांना धरून ठेवायला तेव्हा कुठलं यंत्र होतं? त्यांच्याशी माडियात बोलणारी माणसं होती.

म्हणून टीव्ही नको, असं मी म्हणणार नाही. एटापल्ली तालुक्यातल्या जाजावंडीची जिल्हा परिषद शाळा डिजिटल शाळा म्हणूनच ओळखली जाते. तिथल्या मंतय्या बेडके यांना 2024 चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. त्याआधी 2021 मध्ये तो सिरोंचा तालुक्यातल्या आसरअल्लीच्या खुर्शीद शेख यांना मिळाला होता. साधनं आता बऱ्याच शाळांत आहेत, काही ठिकाणी कपाटात कुलूपबंदही. आणि पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता तुटतो, लाइट जाते, रेंज जाते, तेव्हाही समोर बसलेल्या पोरांना काहीतरी शिकवायचं असतंच.

माझा हिशेब साधा आहे. जे जंगलात नाही ते पडद्यावर दाखवा. जे जंगलात आहे त्यासाठी वर्ग बाहेर न्या, आणि तिथे थोडा वेळ मुलांना गुरुजी होऊ द्या.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं पडायला लागली की पोरं पहाटेच टोपली घेऊन रानात असतात आणि हजेरी घसरते. गुरुजी, येत्या हंगामात एक तराजू झाडाखाली नेऊन बघा. ओल्या फुलांचं वजन किती, वाळल्यावर किती उरलं, व्यापाऱ्याने भाव काय दिला, एवढंच विचारा. वजाबाकी, गुणाकार, शेकडेवारी सगळं त्यात येतं. टीव्ही दुपारी लावा.