माझ्या हातून

"खंजिरी म्हणजे एका हाताचं काम आहे, आबाजी. याले चारही लागतात," असं नातू म्हणाला आणि मला राग आला. नववीतलं पोरगं. ड्रमसेट त्याचा, एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून मुलानं स्वस्तात आणलेला. यवतमाळच्या आमच्या घरात मागच्या खोलीत, जिथं आधी तुरीची पोती असायची, तिथं तो मांडला आहे. मी 31 वर्षं एसटी चालवली. चार हातापायांचं मला कोणी शिकवावं? डावा पाय क्लचवर, उजवा कधी ॲक्सिलरेटरवर तर कधी ब्रेकवर, उजवा हात स्टिअरिंगवर, डावा गिअरवर, आणि गाड्या पॉवर स्टिअरिंगच्या आधीच्या. एक डोळा रस्त्यावर, एक आरशात. एक कान कंडक्टरच्या घंटीकडं, दुसरा इंजिनाकडं. मोजून बघा, आठ होतात. अष्टावधानी म्हणतात तो मीच, असा माझा समज होता.

खरा अष्टावधानी मी एकदाच पाहिला. पैनगंगेच्या पलीकडं, आदिलाबादला मुक्कामी गाडी घेऊन गेलो होतो, तिथल्या एका देवळात. आठ जण आठ बाजूंनी त्याला अडवत होते. कुणी अमुक अक्षर टाळून पद्य रच म्हणत होता, कुणी मध्येच घंटा वाजवत होता आणि किती वेळा वाजली ते शेवटी सांगायचं होतं. एकाचं काम तर नुसतं अवांतर बडबडून त्याचं लक्ष उडवायचं. तेलुगू मला तोडकंमोडकंच कळतं, पण घंटांचा आकडा त्यानं बरोबर सांगितला तेव्हा वाटलं, हा मनुष्य आमच्या डेपोत पाहिजे होता.

तर नातवानं मला ड्रमवर शिकायला जो तुकडा दिला तो असा. ड्रमवाले त्याला लिक म्हणतात, तबलेवाले तुकडाच म्हणतील. आठ मात्रा. उजवा हात, डावा हात, उजवा पाय. पुन्हा उजवा हात, डावा हात, उजवा पाय. मग उजवा हात, डावा हात. तीन, तीन, दोन. भजनी ठेकाही आठ मात्रांचा, तेव्हा आठ मला नवे नाहीत. गोम डाव्या पायात आहे. त्यानं झांजांच्या पेडलवर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेला दाबायचं, बस्स. वर तीन-तीन-दोनचा काय गोंधळ चालला आहे त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. एकट्यानं करायचं म्हटलं तर त्यात काही नाही. पण वर हात सुरू झाले की हा पाय वेडा होतो.

पहिले चार दिवस फक्त डावा पाय. पेपर वाचताना, चहा पिताना, बायकोशी बोलताना. "पाय कायले आपटता जी, कोणाचा राग आला?" असं तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं. पाचव्या दिवशी मांड्यांवर हात मारत तोंडानं "उजवा, डावा, पाय" म्हणायला लागलो. आणि तिथं मला माझ्याच शरीराची एक गोष्ट कळली, जी 61 वर्षांत कळली नव्हती. पहिल्या मात्रेला उजवा हात आणि डावा पाय बरोबर पडतात. चौथ्या मात्रेला उजवा हात पुन्हा पडतो, पण तिथं डाव्या पायाचं काम नाही. तरी तो पडतोच. जुनी ओळख दिसली की धावतो. त्याला मैत्री कळते, मोजदाद कळत नाही.

उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये म्हणतात. दानाचं ठीक आहे. शरीरात मात्र तशी सोयच नाही, डाव्याला सगळं कळतं. खोटं वाटत असेल तर दोन्ही तर्जन्या समोर धरा आणि गाडीच्या वायपरसारख्या एकाच दिशेनं हलवा, दोन्ही डावीकडं, मग दोन्ही उजवीकडं. आता वेग वाढवा. एका वेगानंतर त्या आपोआप वायपरपणा सोडतात आणि आरशातल्यासारख्या एकमेकींकडं यायला लागतात. स्कॉट केल्सो नावाच्या अमेरिकेतल्या संशोधकानं 1980 च्या दशकात हे नीट मोजून मांडलं. आपण ठरवतो एक, बोटं करतात दुसरं, आणि बोटं आपलीच.

ड्रमसेट हे वाद्यच मुळात विचित्र आहे. आपल्याकडं लग्नाच्या बँडमध्ये ढोल एकाकडं, ताशा दुसऱ्याकडं, झांजा तिसऱ्याकडं. तिकडंही पूर्वी मोठा ढोल आणि छोटा ड्रम बहुधा वेगवेगळ्या माणसांकडं असायचा. पुढं पायाचं पेडल सुधारलं आणि ती सगळी माणसं एका खुर्चीवर बसली. शिकागोत लुडविग भावांनी त्या पेडलचा कारखाना 1909 साली काढला. तुकडोजी महाराज यावलीला जन्मले ते त्याच वर्षी. तिकडं एक माणूस चार माणसांचं काम करायला लागला. इकडं महाराजांनी एक खंजिरी हातात घेऊन गावंच्या गावं एका प्रार्थनेत बसवली. दोन्हींचा काही संबंध नाही हे मला कळतं, तरी पेडलवर पाय ठेवला की आठवतंच. म्हणजे माझा डावा पाय हा खरं तर दुसरा माणूस आहे. त्याला माझ्या हुकमात आणायचं, की त्याची त्याला मोकळीक द्यायची?

एकोणिसाव्या दिवशी, संध्याकाळी लाइट गेलेली असताना, ते जमलं. अंधारात पाय दिसत नव्हते म्हणूनही असेल. दहा-बारा आवर्तनं फिरली. मग "जमलं रे" असं मनात आलं आणि चौघंही एकदम पडले. हे असं होतं हे शिकणारा प्रत्येक जण सांगतो, त्यात माझं विशेष काही नाही. माझा प्रश्न त्या दहा-बारा आवर्तनांचा आहे. तेव्हा वाजवत कोण होतं?

हा प्रश्न मी आमच्या भजन मंडळात काढला. बुवांनी डोळे मिटून उत्तर दिलं, "कर्ता करविता तो." सगळ्यांनी माना डोलावल्या. गीतेच्या पाचव्या अध्यायातही असंच आहे. जाणणारा माणूस पाहतो, ऐकतो, चालतो, घेतो, सोडतो, डोळ्यांची उघडझाप करतो, पण इंद्रियं आपापल्या कामात आहेत, मी काही करत नाही, असं मानतो. ड्रमवर बसल्यावर याची प्रचिती येते हे मी शपथेवर सांगेन. पण मी ड्रायव्हर होतो. मला हे उत्तर पुरत नाही, आणि का पुरत नाही ते सांगायला दोन प्रसंग सांगावे लागतील.

पहिला कापसाच्या दिवसांतला, घाटंजी रस्त्यावरचा. सकाळची वेळ, धुकं, जिनिंगकडं निघालेल्या बैलगाड्यांची रांग. दोन गाड्यांच्या मधून सायकलवर एक पोरगं एकदम समोर आलं. ब्रेक लागला. "मी ब्रेक लावला" असं म्हणवत नाही, कारण ब्रेक लागल्यावर मला पोरगं दिसलं. उलट सांगत नाही, क्रम असाच होता. कंडक्टरचा तिकिटांचा ट्रे उडाला, एका बाईच्या डब्यातलं वरण माझ्या सीटपर्यंत आलं. पोरगं सायकलसकट चाकापासून हातभर अंतरावर उभं, रडायचंही विसरलेलं. गावातल्या लोकांनी चहा पाजला, एका म्हाताऱ्यानं पाय धरले. मला लाज वाटत होती. जे पायानं केलं त्याचा मान मी घेत होतो.

दुसरा प्रसंग निवृत्तीच्या काही वर्षं आधीचा. दिवेलागणीची वेळ, रस्ता रिकामा, माझ्या डोक्यात मुलीच्या लग्नाचे हिशोब. बकऱ्यांचा एक कळप रस्ता ओलांडत होता. पाय ब्रेकवर गेला, पण उशिरा. एक बकरी गेली. ती एका एकट्या म्हातारीची होती. ती ओरडली नाही, नुसती बकरीजवळ बसून राहिली. मी खिशात होते ते पैसे दिले, पुढच्या फेरीला आणखी दिले. तेव्हा जर मी तिला म्हटलं असतं, बाई, इंद्रियं आपापल्या कामात होती, मी काही केलं नाही, तर तिनं माझ्या तोंडावर माती फेकली असती, आणि बरोबर केलं असतं.

पाय दोन्ही वेळी तोच. पहिल्या वेळी तो माझ्या आधी पोचला, दुसऱ्या वेळी माझ्या मागे राहिला. मग पुण्य पायाचं आणि पाप माझं, हा कुठला न्याय? की दोन्ही वेळी मी नव्हतोच?

बकरीच्या रात्री मी अर्जासारखा एक कागद लिहीत बसलो होतो, काय झालं त्याचा. "मी बकरीला धडक दिली" लिहिलं, खोडलं. तशी काही मी ठरवून दिली नव्हती. "गाडीची धडक बसली" लिहिलं, तेही खोडलं, गाडी काय स्वतः चालते? शेवटी लिहिलं, "माझ्या हातून एक बकरी गेली." आणि पेन थांबलं. हातून कुठं, पायातून गेली होती. पण मराठीत पायातून काही होत नाही, सगळं हातूनच होतं. चूक हातून होते, सेवा हातून घडते, कप हातून फुटतो, पोरगी हातून वाढते. "मी केलं" नाही आणि "हातानं केलं" असंही नाही. काहीतरी हातातून पुढं गेलं, आणि तो हात माझा. ज्या अडाणी माणसांनी ही भाषा घडवली त्यांनी हा प्रश्न बुवांपेक्षा नीट सोडवलेला आहे असं माझं मत आहे.

नंतर वाचता वाचता सापडलं की गीताही पाचव्या अध्यायावर थांबत नाही. अठराव्यात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत. जागा म्हणजे शरीर, करणारा, साधनं, नाना हालचाली आणि पाचवं दैव. करणारा पाचांतला एक. शून्य नाही, पूर्णही नाही. आपल्या एकट्यालाच कर्ता समजणाऱ्याला तिथं दिसत नाही असं म्हटलं आहे, पण कर्त्याचं नाव यादीतून कापलेलं नाही. धुक्यातल्या सकाळी पाचही जागच्या जागी होते. दिवेलागणीला एक जण लग्नाच्या मांडवात फिरत होता.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचनं दिली, आणि साने गुरुजींनी जी उतरवून घेतली, त्यांत कर्म, विकर्म आणि अकर्म असं उलगडून सांगितलं आहे. बाहेरच्या कामात आतलं मन मिसळलं की त्याचं अकर्म होतं, कामाचा भार जातो. माझ्या मांड्यांवरच्या थापा आणि अंधारातली ती दहा-बारा आवर्तनं यांना हे चपखल लागू पडतं. पवनार आमच्यापासून काही फार लांब नाही, आणि विनोबांविषयी मला पराकोटीचा आदर आहे. पण बकरीचं उत्तर मला तिथं मिळालं नाही. भार गेला म्हणजे जबाबदारी गेली असं कुणी वाचू नये. पुष्कळ लोक नेमकं तसंच वाचतात, आणि ते बहुधा मोठ्या खुर्चीवर बसलेले असतात. खालच्यांकडून काही चांगलं झालं की "मी केलं", काही बिघडलं की "देवाची मर्जी".

नातू ज्याला इंडिपेन्डन्स म्हणतो तो शब्दही मला पटत नाही. डावा पाय स्वतंत्र झाला म्हणून तुकडा जमला असं नाहीच. मी एका कागदावर लिहून काढलं होतं, त्याची गाठ कोणाकोणाशी पडते ते. पहिल्या मात्रेला उजव्या हाताशी, तिसऱ्याला उजव्या पायाशी, पाचव्याला डाव्या हाताशी, सातव्याला पुन्हा उजव्या हाताशी. मधल्या सम मात्रांना तो गप्प. एका आवर्तनात तो सगळ्यांना भेटतो. हे त्याच्या ध्यानात आलं, म्हणजे माझ्या आलं, तेव्हा तो चौथ्या मात्रेला धावायचा थांबला. आधी एकाच ओळखीवर जगत होता म्हणून चुकत होता. याला स्वातंत्र्य म्हणायचं असेल तर म्हणा, आमच्याकडं याला गावात राहणं म्हणतात.

उलट बाजूही सांगतो. तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला 4 वाजून 58 मिनिटांनी सगळे जागच्या जागी उभे राहतात, मौन पाळतात. अफाट गर्दी, आणि हूं की चूं नाही. मी अनेकदा गेलो आहे. तिथं हात, पाय, तोंड सगळं थांबतं आणि डोकं मोकाट सुटतं, गाडी कुठं लावली, परतीला जागा मिळेल का. ड्रमवर चौघं पळत असतात आणि डोकं थांबतं. कोणतं मौन खरं, हे मंडळात विचारायचं मी अजून धाडस केलेलं नाही.

खंजिरी सोडलेली नाही. गुरुवारी वाजवतो. उजवी बोटं चामड्यावर, डाव्या हाताला ताण, तोंडात पद. नातवाला एकदा हातात दिली. वाजवता वाजवता गा म्हटलं तर तो दुसऱ्याच ओळीला अडकला. "एका हाताचं काम," मी म्हटलं. तो हसला.

त्याच्या मोबाइलवरच्या टिकटिक यंत्रावर हा तुकडा सध्या 66 ला बिनचूक निघतो. 80 ला डावा पाय अजून चौथ्या मात्रेला पडतो, आणि पडला की नातू पायाला काही म्हणत नाही, मलाच बोलतो.