क्षमा सगळ्यांना, पण मत कोणाला?

आजचे वाचन: निर्गम १८:१३-२६, यशया ४५:१-७



आजच्या दोन वाचनांत दोन वेगळ्या प्रकारचे पुढारी भेटतात. निर्गमात मोशेचा सासरा इथ्रो त्याला समजावतो की सगळा भार एकट्याने वाहू नकोस, लोकांतून माणसं निवड. कशी माणसं? कर्तबगार, देवाचं भय धरणारी, खरेपणाने वागणारी, लाचेचा तिटकारा असणारी. यशयात मात्र पारसाचा राजा कोरेश आहे. तो परमेश्वराला ओळखतसुद्धा नाही, तरी परमेश्वर त्याच्या हातून आपल्या लोकांची सुटका करतो.

ही दोन वाचनं मी मुद्दाम शेजारी ठेवली आहेत. आपल्या तरुण मंडळींच्या मोबाइलवर अमेरिकन उपदेशकांचे व्हिडिओ रोज येतात आणि त्यात कोरेशाचं नाव बऱ्याचदा एखाद्या उमेदवारासाठी वापरलेलं असतं. "देवाने कोरेशाला वापरलं, मग ह्याला का नाही?" हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी मलाही विचारला आहे. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, तेव्हापासून तिथल्या मंडळ्यांचा आणि आपला संबंध आहे. तिथे जे शिकवलं जातं ते आज ना उद्या आपल्याकडे पोचतंच.

माझी बाजू आधीच सांगतो. मी जुन्या वळणाचा ख्रिस्ती आहे. गर्भातल्या बाळाचा जीव, विवाहाचं पावित्र्य, उपासनेचं स्वातंत्र्य या गोष्टींवर माझं मत अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल बंधुभगिनींसारखंच आहे. म्हणूनच त्यांच्या निवडीकडे मी परक्यासारखा पाहू शकत नाही.

अमेरिकेत खऱ्या निवडणुकीच्या आधी प्रत्येक पक्ष राज्याराज्यांत मतदान घेऊन आपला उमेदवार ठरवतो. हीच प्रायमरी. शेवटच्या निवडणुकीत माणूस म्हणू शकतो, "काय करणार, समोरचा याहून वाईट होता." प्रायमरीत ही सबब चालत नाही. तिथे सगळे आपलेच, एकाच पक्षाचे. आपल्याला मनापासून कोण हवंय, ते तिथे उघडं होतं.

२०१२ ची रिपब्लिकन प्रायमरी आठवून पाहा. मिट रॉमनी मॉर्मन पंथाचे. त्यांच्या शिकवणुकीबद्दल इव्हँजेलिकल लोकांना गंभीर शंका होत्या, पण १९६९ पासून एकाच पत्नीबरोबर संसार आणि पाच मुलगे. रिक सँटोरम कॅथलिक, सात मुलांचे वडील, गर्भपाताविरुद्ध वर्षानुवर्षे बोलत आलेले. आणि न्यूट गिंगरिच, तेही कॅथलिक, पण तीन लग्नं झालेली. क्लिंटन यांच्यावर महाभियोग चालू असताना आपलेही विवाहबाह्य संबंध होते, हे त्यांनी २००७ मध्ये एका ख्रिस्ती रेडिओ कार्यक्रमात स्वतः कबूल केलं होतं.

जानेवारीत आयोवात सँटोरम अवघ्या ३४ मतांनी पुढे राहिले. त्याच महिन्यात सुमारे दीडशे ख्रिस्ती पुढारी टेक्ससमध्ये जमले आणि त्यांनीही सँटोरम यांनाच पसंती दिली. मग आली साउथ कॅरोलिना. मतदानाच्या दोन दिवस आधीच्या डिबेटमध्ये सूत्रसंचालकाने पहिलाच प्रश्न गिंगरिच यांच्या आधीच्या पत्नीने केलेल्या आरोपांवर विचारला. गिंगरिच यांनी आरोप खोटा म्हटला आणि सगळा रोख प्रसारमाध्यमांवर वळवला. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. २१ जानेवारीला त्यांना ४० टक्के मतं मिळाली, सँटोरम यांना १७. तिथले सुमारे दोन तृतीयांश मतदार स्वतःला इव्हँजेलिकल म्हणवणारे होते आणि त्यांचीही पहिली पसंती गिंगरिचच होते.

ख्रिस्ती पुढाऱ्यांनी सांगितलं एक, ख्रिस्ती मतदारांनी केलं दुसरं. लोकांनी पुढाऱ्यांचं ऐकायलाच हवं असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न त्या टाळ्यांबद्दल आहे. त्या नक्की कशाला पडल्या? माध्यमं आपल्याला तुच्छ लेखतात, हा राग खरा होता आणि तो अगदीच विनाकारण नव्हता. पण आपला राग कोणीतरी आपल्या वतीने जोरात बोलून दाखवला, एवढ्यावर माणूस निवडणं म्हणजे इथ्रोने सांगितलेल्या यादीत पाचवा गुण घालणं आणि आधीचे चार पुसून टाकणं.

आता कोणी म्हणेल, "पण त्यांनी पश्चात्ताप केला होता ना? मग क्षमा नको?" हवीच. क्षमा नसती तर तुम्ही-आम्ही कुठे असतो? पण क्षमा आणि पद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मंडळीच्या पैशांत अफरातफर केलेल्या भावाने पश्चात्ताप केला तर आपण त्याला मिठी मारू, प्रभुभोजनाच्या मेजावर शेजारी बसवू. दुसऱ्याच रविवारी दानपेटीची किल्ली त्याच्या हातात देऊ का? नाही देणार. पौलसुद्धा तीमथ्याला सेवकांबद्दल सांगतो की आधी त्यांची पारख होऊ दे. क्षमा कृपेने एका क्षणात मिळते, विश्वास मात्र हळूहळू कमवावा लागतो.

दुसरा आधार दाविदाचा दिला जातो. दावीदही पडला होता, खरंय. पण दाविदाच्या दरबारात नाथान होता. त्याने राजाच्या तोंडावर पाप दाखवलं आणि राजाने मान खाली घातली. दाविदाचं उदाहरण द्यायचं तर आपल्याला नाथान व्हावं लागेल. नाथानच टाळ्या वाजवू लागला तर दाविदाची गोष्ट पुढे कशी सरकणार?

आणि कोरेश? मित्रांनो, वाचन नीट पाहा. कोरेशाला यहूदी लोकांनी निवडलं नव्हतं. ते बंदिवासात होते, त्यांना मत नव्हतं. देव कोणालाही वापरू शकतो, हे देवाच्या सार्वभौमत्वाबद्दलचं वचन आहे. आपण कोणाला निवडावं, हे सांगणारं वचन इथ्रोचं आहे. देव काय करू शकतो यावरून आपण काय करावं हे ठरवता येत नाही. त्याने योसेफाच्या भावांच्या दुष्टपणातूनही भलं घडवलं, म्हणून भावाला विकणं काही योग्य ठरलं नाही.

याची किंमत काय पडते? १९९८ मध्ये क्लिंटन प्रकरणाच्या वेळी सदर्न बॅप्टिस्ट मंडळ्यांनी लोकसेवकांच्या चारित्र्याचा आग्रह धरणारा ठराव केला होता. खासगी आयुष्यात अनैतिक वागलेला पुढारी सार्वजनिक काम नीतीने करू शकतो का, असा प्रश्न एका अमेरिकन सर्वेक्षण संस्थेने २०११ मध्ये विचारला, तेव्हा श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल लोकांपैकी ३० टक्के "हो" म्हणाले. २०१६ मध्ये, ट्रम्प उमेदवार झाल्यावर, ते ७२ टक्के झाले. पाच वर्षांत पवित्र शास्त्र बदललं नाही. बदलला तो उमेदवार. जगाने हे पाहिलं आणि विचारलं: मग १९९८ मध्ये तुम्ही जे बोललात ते वचन होतं की राजकारण? या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नसेल तर गर्भातल्या बाळासाठी आपण उद्या बोलू, तेव्हा कोण ऐकेल? मला सगळ्यात जास्त दुखतं ते हे. निवडणूक चार वर्षांनी पुन्हा येते, गेलेली साक्ष इतक्या लवकर परत येत नाही.

याचा अर्थ निष्पाप उमेदवार मिळेपर्यंत घरी बसावं असा नाही. निष्पाप एकच होता आणि लोकांनी त्याच्याऐवजी बरब्बाला मागून घेतलं. शेवटी दोन अपुऱ्या माणसांतून एकाला मत द्यावं लागेल, तेव्हा द्या. पण मत देताना त्याचं खोटं खरं म्हणू नका आणि त्याच्या पापाला आपल्या वचनाचं पांघरूण घालू नका. मत दिल्यावरही नाथानाची जागा सोडू नका. हेच माप आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकालाही लावा आणि मंडळीच्या कमिटीलाही.

आज मननासाठी: ज्या पुढाऱ्याचं मी समर्थन करतो, त्याची कोणती चूक मी विरोधकात पाहिली असती तर लगेच बोललो असतो?

प्रार्थना: हे प्रभू, आमचा भरवसा अधिपतींवर नको, तुझ्यावर असू दे. आम्हाला क्षमा करणारं मन दे आणि पारख करणारे डोळेही दे. आमचा राग आमच्यासाठी निवड करू नये म्हणून आम्हाला सांभाळ. येशूच्या नावाने मागतो, आमेन.