वाचणारा डोळा कुणाचा?

श्रावणात चिखलदऱ्याला भरदुपारी दिवा लावावा लागतो. सुमारे १,१०० मीटर उंचीवरचं गाव. ढग दारातून थेट घरात शिरतात. पोथी उघडून बसलेली आजी ती आधी हातभर लांब धरते, मग दाराकडे तिरपी करते आणि शेवटी नातवापुढं सरकवते. "मले दिसत नाई, तू वाच नं बापा."

उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि जवळची अक्षरं आणखीच पसरतात. लख्ख उन्हात ती आकसते, म्हणून हीच आजी उन्हाळ्यात अंगणात बसून चष्म्याविना चार ओळी लावून घेते. मूळ कारण वयाचं: डोळ्यातलं भिंग वर्षागणिक ताठर होतं, जवळचं पाहायला फुगेनासं होतं. चाळिशीच्या आसपास हे जाणवतं, म्हणून मराठीनं चष्म्याचंच नाव 'चाळिशी' ठेवलं.

दिसेनासं झालं की ज्ञानाचं काय होतं? वऱ्हाडात हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. चिखलदरा ज्या अमरावती जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या लोणी टाकळीत १८८१ साली गुलाबराव महाराज जन्मले. अवघ्या नऊ महिन्यांचे असताना त्यांची दृष्टी गेली. १९१५ साली, चाळिशी लागण्याआधीच, ते गेले. मागे शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ राहिले. लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात.

हा शब्द थोर आहे, पण तो भुलवतोही. आतला डोळा उघडला की बाहेरच्याचं काम संपलं, असं वाटू लागतं. महाराजांचं आयुष्य तसं सांगत नाही. कुणीतरी ग्रंथ वाचून दाखवायचं, ते ऐकून मनात धरून ठेवायचे. ते सांगायचे, कुणीतरी उतरवून घ्यायचं. त्या प्रज्ञेला दुसऱ्यांचे डोळे लागत होते, आणि त्यात तिला काही कमीपणा नव्हता.

ऐकून जाणण्याची ही वाट जुनीच आहे. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला आत्मा पाहायला सांगतो आणि लगेच ऐकायला सांगतो. मनन आणि निदिध्यासन, म्हणजे एकाग्र ध्यान, त्यानंतर. अद्वैताच्या परंपरेतल्या एका प्रवाहानं श्रवण हेच त्या पाहण्याचं मुख्य साधन मानलं.

प्रज्ञेलाही बाहेरची मदत लागते, म्हणून चष्मा टाळण्याला वैराग्य समजू नये. मिळत असेल तर तो जरूर लावावा. पण पोथी दुसऱ्याच्या हाती द्यावी लागली, तर तेव्हाही काही हरवलेलं नसतं.

नातू एका जोडाक्षरापाशी अडखळतो. आजी डोळे मिटूनच शब्द सांगते, आणि तो पुढची ओवी धरतो.