ढेकूण, मी आणि सत्य

ढेकूण या विषयावर सभ्य माणूस उघडपणे बोलत नाही. मधुमेह झाला तर तो चारचौघांत साखरेचे आकडे सांगतो, मूळव्याधीबद्दलही दोन जवळच्या मित्रांचा सल्ला घेतो. पण ‘आमच्या घरात ढेकूण झालेत’ हे वाक्य मध्यमवर्गीय तोंडातून बाहेर पडत नाही. ढेकूण नेहमी शेजाऱ्यांकडे असतात, एस.टी.त असतात, फार तर पाहुण्यांच्या वळकटीतून आलेले असतात. आपल्या घरात असतात ते डास.

तर आमच्या घरात ढेकूण झाले. मीच आणले. बँकेनं माझी बारामतीहून इंदापूरला बदली केली तेव्हाची गोष्ट. काटेवाडी, भवानीनगर, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी अशी गावं मोजत सकाळी जायचं आणि संध्याकाळी तीच उलटी मोजत यायचं. मार्चअखेरीला मात्र हिशेब जुळेनात, म्हणून आठ रात्री इंदापुरात एका लॉजवर काढल्या. लॉजचं नाव सांगत नाही. उजनीच्या पाण्यावरून खिडकीतून गार वारा येत होता, एवढी एक गोष्ट त्याच्या जमेच्या बाजूला लिहून ठेवतो. नवव्या दिवशी मी बॅग उचलून घरी आलो, आणि माझ्याबरोबर काही अनोळखी खाती बारामतीला वर्ग झाली.

पंधरा दिवसांनी सौ.नं दंड पुढे केला. “अहो, हे डासाचं नाही. डास असा ओळीनं चावत नाही.” मग तिनं गादीची शिवण उलटी करून दाखवली. मी पाहिलं आणि बी.कॉम. झालेला माणूस संकटात जे करतो ते केलं. म्हणजे उपाय सोडून वाचायला बसलो.

ढेकणाचं पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पाच वेळा कात टाकतं, आणि प्रत्येक कातेआधी त्याला एकदा पोटभर रक्त लागतं. म्हणजे दर बढतीआधी मेजवानी. आमच्याकडे ती बढतीनंतर असते आणि रक्त स्वतःचं जातं, एवढाच फरक. या टाकलेल्या कातेतसुद्धा मजकूर असतो. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की कातेत हिस्टामीन असतं आणि त्याचा स्पर्श झाला की भटका ढेकूण ‘जागा बरी दिसते’ म्हणून तिथंच मुक्काम ठोकतो. या संशोधनासाठी रेजीन ग्रीस या बाईंनी स्वतःच्या हातावर ढेकूण पोसले आणि १,८०,०००हून अधिक चावे सोसले. हे मी सौ.ला वाचून दाखवलं. “मग त्यांनाच बोलवा,” ती म्हणाली.

ढेकूण घाबरला की एक वास सोडतो. ज्यानं ढेकूण चिरडलाय त्याला तो ठाऊक आहे. ठाऊक नसेल त्यानं कोथिंबिरीची जुडी चुरगळून बघावी. दोन्हीकडे अल्डिहाइड नावाच्या द्रव्यांचंच कुटुंब नांदतं. (हेही मी मोठ्यानं वाचलं. पुढे आठवडाभर आमच्याकडे पोह्यांवर नुसतं खोबरं होतं.) हा वास आला की आसपासचे ढेकूण पांगतात. मोठ्या ढेकणाच्या या वासाच्या ग्रंथी छातीच्या खालच्या अंगाला असतात, पिलांच्या पोटाच्या वरच्या बाजूला. पिलांच्या वासात आणखी दोन द्रव्यं ठळक असतात, ती मोठेपणी जवळजवळ नाहीशी होतात.

ती कशासाठी, ते स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१० साली शोधून काढलं. ढेकणातला नर मोठा उतावळा प्राणी. नुकतंच जेवून टपोरं झालेलं कोणीही दिसलं की ती मादीच, असं समजून तो पाठीवर चढतो. त्याची प्रीतीही अशी, की तो मादीच्या पोटात अक्षरशः सुई खुपसतो. पिलाच्या बाबतीत हे जिवावरचं प्रकरण. म्हणून पिल्लू वास सोडतं. वासाचा अर्थ एवढाच : मी अजून अज्ञान आहे. आणि नर उतरतो. संशोधकांनी पिलांच्या ग्रंथी बंद करून पाहिल्या, तेव्हा नर पिलांनाही मादी समजू लागले.

बँकेच्या भाषेत ‘अज्ञान’ म्हणजे अठरा वर्षांखालचा खातेदार. त्याचं अज्ञान सिद्ध करायला आम्ही जन्मदाखला मागतो, पालकाचं आधार मागतो, फोटो मागतो, आणि तरी खातं अडतं. तिकडे गादीच्या शिवणीत एका वासावर काम भागतं. सांगणाराही खरं सांगतो, ऐकणाराही ऐकतो. नर उतरतो, याचं मला सगळ्यांत जास्त नवल वाटलं. वर्तमानपत्रं वाचणाऱ्या माणसाला वाटणारच.

पण मग मनात आलं, यात पिलाला श्रेय किती द्यायचं? त्याला दुसरं बोलताच येत नाही. त्याचा खरेपणा त्याच्या ग्रंथीत भरलेला. माझ्या पोटात पित्त असतं तसा. घाबरलेला ढेकूण वास सोडतो तोही बहुधा स्वतःच्या जिवासाठी. शेजारी पळून वाचतात हा वरचा फायदा. ज्याला खोटं बोलायची सोयच नाही, त्याच्या खात्यावर सत्य जमा करता येत नाही. असं मी ठरवलं आणि मला बरं वाटलं. बरं वाटायचं कारण पलंग.

औषधवाला दोनदा येऊन गेला होता. गाद्या गेल्या, उशा गेल्या. सौ.नं जाहीर केलं, की या पलंगावर ती पुन्हा पाठ टेकणार नाही. आता पलंग सागवानी, सासऱ्यांनी दिलेला. इंदापूरच्या शाखेत आमचे एक शिपाई आहेत, त्यांना सगळे मामाच म्हणतात. मामांची लेक पहिल्या बाळंतपणाला यायची होती आणि ते पलंग शोधत होते. पाचशे रुपयांत ठरलं. टेम्पोत चढवण्याआधी मामांनी पलंगाच्या पायावर हात फिरवला आणि विचारलं, “सायेब, काई खोट नाई ना?”

मी म्हणालो, “सागवानी आहे, मामा.”

यातला शब्दन् शब्द खरा आहे. ऑडिटरनं पाहिला तरी सही करेल. तीन रात्री कोणाला काही चावलं नव्हतं, हेही खरं. पण त्या पलंगावर तीन रात्री कोणी झोपलंच नव्हतं. आणि ढेकूण न जेवता महिनोन्‌महिने राहू शकतो हे मीच वाचलं होतं. मी वाचलं नसतं तर मीही पिलासारखा निर्दोष असतो. वाचनाचे तोटे असे असतात.

लेक आली. मुलगी झाली. मामांनी पेढे वाटले. माझ्या हातावर पेढा ठेवताना म्हणाले, “पलंगाचा लई आधार झाला.” पेढा कॅशच्या ड्रॉवरमध्ये दुपारपर्यंत तसाच होता. बारा दिवसांच्या पोरीच्या दंडावर ओळीनं उठलेले ठिपके माझ्या डोळ्यांपुढून हलेनात, आणि त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला पाचशे रुपये जास्त दिले. त्यानं ते परत केले. हेही माझ्या दुर्दैवातच धरायचं.

संध्याकाळी एस.टी. सोडली आणि मामांना चहाला नेलं. “मामा, तो पलंग... त्यात ढेकूण होते. आमच्याकडचे. मी सांगितलं नाही.” खिशातून पाचशेची नोट काढून बशीशेजारी ठेवली.

मामा चहा फुंकत राहिले. “ठावं हाय की. टेम्पोत चढवतानाच वास आला. कोथमिरीवानी.”

“मग घेतलात कशाला?”

“सागवानी हाय म्हणलात नव्हं. सांध्यासांध्यात उकळतं पाणी वतलं, चार दिस पत्र्यावर उन्हात टाकला, तवा पोरीला झोपवली.” त्यांनी बशी खाली ठेवली. “तुमी सांगताय का, त्येच बघत हुतो.”

नोट तशीच राहिली. चहाचे पैसे मी दिले. शेवटची बारामती गाडी उभी होती. मी खिडकीशेजारची सीट घेतली, आणि बसण्याआधी, सवयीनं, तिची शिवण उलटी करून पाहिली.