शंका नोंदवण्याचे कर्तव्य

प्राथमिक शाळेतील मुलांची सुरक्षितता हा विषय महाराष्ट्रात बहुधा बंदोबस्ताच्या भाषेत मांडला जातो. फाटकावर रखवालदार, व्हरांड्यात सीसीटीव्ही कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि मुख्याध्यापकांच्या कार्यालयाबाहेर कुलूप लावलेली तक्रारपेटी एवढी व्यवस्था झाली की शाळा सुरक्षित झाली, असे समाधान संस्थाचालकांना आणि पुष्कळदा पालकांनाही वाटते. या समाधानामागे असे गृहीतक आहे की धोका बाहेरून येतो, आणि आत असलाच तर तो चेहऱ्यावरून ओळखू येतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने हे गृहीतक फार पूर्वीच मोडीत काढले होते. महाराष्ट्र व गोव्यासह तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या या पाहणीत ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळाच्या कोणत्या ना कोणत्या प्रकाराचा अनुभव सांगितला, आणि छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मी माणसे मुलांच्या ओळखीतली, त्यांचा विश्वास ज्यांच्यावर असावा अशा स्थानावरची होती.

म्हणून बंदोबस्ताचे उपाय निरर्थक ठरत नाहीत, पण त्यांची पोच किती हे स्पष्ट असले पाहिजे. चारित्र्य पडताळणीत केवळ पोलीस दप्तरी नाव असलेला माणूस सापडतो, आणि ज्याच्याविरुद्ध कधी कोणी तोंडच उघडलेले नाही त्याचा दाखला कोराच येतो. कॅमेरा व्हरांडा दाखवतो, परंतु स्वच्छतागृहात तो लावता येत नाही, आणि लहान मुलांच्या बाबतीत जोखीम नेमकी तिथे, साहित्याच्या खोलीत, किंवा शाळा सुटल्यावर रिकाम्या झालेल्या वर्गात असते. तक्रारपेटीचे तर मुळातच नवल वाटावे, कारण पहिलीतले जे मूल नुकतीच अक्षरे गिरवू लागले आहे त्याने आपल्यावरचा अत्याचार चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावा, अशी अपेक्षा त्या व्यवस्थेत नकळत धरलेली आहे.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा, पोक्सो या नावाने परिचित असलेला २०१२ चा कायदा या बाबतीत प्रशासकीय परिपत्रकांपेक्षा अधिक समंजस आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा अपराध घडल्याची माहिती असलेल्यानेच नव्हे, तर तो घडण्याची शक्यता आहे अशी धास्ती ज्याला वाटते त्या कोणत्याही व्यक्तीने स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला, म्हणजे बालकांच्या प्रकरणांसाठी नेमलेल्या पोलिसांच्या स्वतंत्र गटाला, तसे कळवणे बंधनकारक आहे. हे कर्तव्य न बजावणाऱ्यास कलम २१ मध्ये शिक्षा सांगितली आहे, आणि आपल्या हाताखालच्या माणसाने केलेला अपराध दडवणाऱ्या संस्थाप्रमुखासाठी ती एक वर्षापर्यंतच्या कारावासाची आहे. त्याच वेळी सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर, ती पुढे सिद्ध झाली नाही तरी, कोणतेही दायित्व येत नाही. पुराव्याची जुळवाजुळव पोलिसांनी करावी, निवाडा न्यायालयाने करावा आणि शिक्षकाने आपली शंका वेळेत पोचवावी, अशी ही विभागणी असून शिक्षकाच्या डोक्यावरचे सर्वांत अवघड ओझे तिने मुद्दामच उतरवून ठेवले आहे. ही विभागणी शहाणपणाची का, हे न्यायालयीन इतिहासातूनच कळते. कपड्यांवरून केलेला स्पर्श हा त्वचेशी त्वचेचा संपर्क नसल्यामुळे या कायद्याखालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये लावला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रद्द केला. ज्या प्रश्नावर कायदा कोळून प्यालेल्यांचेही एकमत होत नाही, त्याचा निकाल मधल्या सुटीत स्टाफरूममध्ये लावला जाऊ नये, हे उघड आहे.

प्रत्यक्षात तो तिथेच लावला जातो. एखादी गोष्ट कानावर आली की शाळेची पहिली प्रतिक्रिया ‘आधी आपण खात्री करून घेऊ’ अशी असते. मग त्या कर्मचाऱ्याला बोलावून विचारले जाते, मुलाला दोन-तीन शिक्षकांसमोर उभे करून पुन्हा पुन्हा बोलते केले जाते, आईवडिलांना शाळेच्या आणि मुलीच्या नावाची आठवण करून दिली जाते, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत प्रकरण मिटवले जाते. या ‘खात्री’च्या काळात संशयिताला सावध होण्यास अवधी मिळतो, वैद्यकीय पुरावा नाहीसा होतो आणि मुलाच्या सांगण्यात प्रश्नकर्त्यांचे शब्द मिसळतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील पूर्वप्राथमिक वर्गाच्या दोन मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप पुढे आला तेव्हा लोकांच्या संतापाचा, २० ऑगस्टच्या रेल्वे रोकोचा आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतलेल्या दखलीचा मोठा भाग त्या कृत्याइतकाच शाळेच्या मौनाशी आणि पोलिसांनी फिर्याद घेण्यास लावलेल्या विलंबाशी निगडित होता. आरोपी पुढच्याच महिन्यात पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मारला गेला आणि सार्वजनिक चर्चा त्या चकमकीकडे वळली, त्यामुळे शाळेने काय कळवायचे होते आणि केव्हा, हा कमी खळबळजनक प्रश्न मागे पडला, हे खेदाने नमूद करावे लागते. त्याच्या दोनच वर्षे आधी, चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचारांच्या प्रकरणात, माहिती असूनही ती पोलिसांना न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धची कारवाई नागपूर खंडपीठाने रद्द केली असता सर्वोच्च न्यायालयाने ती नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा जिवंत केली, आणि असा अपराध न कळवणे हा बहुतेक वेळा गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रकार असतो, असे मत नोंदवले.

शंका कळवायची तर ती आधी यावी लागते, आणि इथे प्राथमिक शिक्षकाचे काम माध्यमिक शिक्षकाहून वेगळे होते. सहा-सात वर्षांचे मूल तक्रार करत नाही. ते ‘पोटात दुखतंय’ म्हणते, पोषण आहाराच्या ताटावरून न जेवता उठते, लघवीला जायला नकार देते आणि मग वर्गातच ओले होते, एरवी ज्यांच्या मागे धावत असे त्या शिपाईकाकांना पाहून बाकाखाली वाकते. यांपैकी कोणतीही एक गोष्ट अत्याचाराचा पुरावा नाही, कारण जंतांनीही पोट दुखते आणि घरातल्या भांडणानेही जेवण जात नाही. परंतु मुलाला रोज पाच-सहा तास पाहणाऱ्या माणसाला त्याच्या नेहमीच्या वागण्यातला फरक जितका कळतो तितका दुसऱ्या कोणाला क्वचितच कळतो. मूल एखादे वाक्य बोललेच तर ‘काकांनी तुला हात लावला का?’ असे उत्तर पुरवणारे प्रश्न टाळावेत, ‘मग काय झालं?’ एवढेच विचारावे, ‘मी कुणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही, आणि मुलाचे शब्द, अवयवासाठी त्याने वापरलेल्या घरगुती शब्दासह, जसेच्या तसे त्याच दिवशी तारीखवेळ घालून लिहून ठेवावेत. ‘मुलीने गैरवर्तनाची तक्रार केली’ या वाक्यात मूल हरवलेले असते. ‘काका मला चड्डी काढायला सांगतात’ या वाक्यात तेच मूल जागेवर असते, आणि तपास अधिकाऱ्याला उपयोगी पडणारे वाक्य दुसरे आहे.

चांगला व वाईट स्पर्श शिकवण्याचे तास हल्ली बऱ्याच शाळांत होतात आणि ते व्हावेतच. तथापि त्या तासात ‘नाही म्हण, पळ, मोठ्यांना सांग’ असे शिकवून उरलेल्या साऱ्या तासांत मोठ्यांना उलट बोलायचे नाही हेच शिकवले जात असेल, तर मुलाने कोणता धडा खरा मानावा? मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणाऱ्या २००९ च्या कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली आहे, पण छडी शाळेतून पूर्णपणे गेलेली नाही, आणि ‘मारा, पण शिकवा’ म्हणणारे पालकही गेलेले नाहीत. शिक्षेचा प्रश्न शिस्तीच्या खात्यात आणि अत्याचाराचा प्रश्न गुन्ह्याच्या खात्यात टाकण्याची सवय इथे घातक ठरते. मोठ्या माणसाचा हात आपल्या अंगावर केव्हाही पडू शकतो आणि त्याबद्दल विचारायचे नसते, हे ज्या मुलाला दुसरीपर्यंत पक्के ठाऊक झाले आहे, ते वाईट स्पर्शाची तक्रार कोणत्या बळावर करणार?

शाळांनी उभारलेली यंत्रणा मुलग्यांच्या बाबतीत विशेष तोकडी आहे. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात शाळा, केंद्र (म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट) आणि तालुका पातळीवर ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्यास सांगितले. शाळेच्या समितीत पालक आणि शिक्षकांबरोबर अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील अशी गावातली माणसे असावीत ही कल्पना चांगली आहे. पण समितीच्या नावापासूनच रोख मुलींकडे आहे, आणि वर उल्लेखिलेल्या २००७ च्या पाहणीत लैंगिक छळ सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून किंचित अधिक मुलगे होते. शिवाय समिती म्हणजे अनेकांची जबाबदारी, आणि अनेकांची जबाबदारी कागदावर सहज विरघळते. इंग्लंडमधील शाळांत या कामासाठी एका वरिष्ठ कर्मचाऱ्याची नावानिशी नेमणूक करावी लागते, त्यामुळे कळवायचे कोणाला आणि कळवले नाही तर जाब कोणाला विचारायचा, या दोन्ही प्रश्नांना एकच नाव उत्तर म्हणून मिळते.

परंतु असे नाव जिल्हा परिषदेच्या लहान शाळेत आणायचे कुठून, ही अडचण खरी आहे. साठपर्यंत पट असलेल्या शाळेला दोनच शिक्षक मिळतात. द्विशिक्षकी शाळेत शंका नोंदवणे म्हणजे आपल्या एकमेव सहकाऱ्याविरुद्ध, कदाचित त्याच गावात घर असलेल्या, त्याच संघटनेत असलेल्या माणसाविरुद्ध, पोलीस ठाण्याची पायरी चढणे होय. केंद्रप्रमुखांकडे तोंडी सांगून मोकळे होण्याचा मार्ग तेव्हा स्वाभाविक वाटतो, पण वरिष्ठाला सांगितल्याने पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य संपत नाही. १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेली आणि आता सरकारमार्फत चालवली जाणारी १०९८ ही बालसहाय्य दूरध्वनी सेवा अशा शिक्षकासाठी पहिला दरवाजा ठरू शकते, मात्र तो क्रमांक भिंतीवर रंगवलेला असूनही तो आपल्यासाठीही आहे, मुलांपुरता नाही, हे शिक्षक-प्रशिक्षणात क्वचितच ठासून सांगितले जाते.

कळवल्यानंतर काय, याचा विचार तर त्याहूनही कमी झाला आहे. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला, म्हणजे काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकांविषयी निर्णय घेणाऱ्या जिल्हास्तरीय मंडळाला, माहिती द्यावी, मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यावा, त्याची ओळख प्रसिद्ध होऊ नये, न्यायालयात त्याला आरोपीसमोर यावे लागू नये, ही सर्व काळजी कायद्याने घेतली आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला ते मूल कोणत्या रांगेत उभे राहणार, इतर पालकांच्या कुजबुजीला मुख्याध्यापक काय उत्तर देणार, निलंबित शिक्षकाच्या बाजूने सह्यांची मोहीम निघाली तर वर्गशिक्षिकेने काय करायचे, हे कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. त्यामुळे निलंबित कर्मचारी खातेनिहाय चौकशी रेंगाळल्यावर दुसऱ्या शाळेत रुजू होण्याची वाट पाहत असतो, आणि मुलाचे आईवडील मात्र त्याच आठवड्यात शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज घेऊन कार्यालयात येतात. त्या अर्जावर कारणाच्या रकान्यात ‘पालकांची इच्छा’ असे लिहिले जाते, आणि शाळेच्या अभिलेखात त्या प्रकरणाची तेवढीच नोंद उरते.