प्रश्न विचारण्यापूर्वी

समजा, आपल्या मंडळीतील एक बहीण भालकीला सासरी आहे व पहिल्या बाळंतपणासाठी ती उदगीरला माहेरी जाणार आहे. तिसरा महिना संपत आला आहे. डॉक्टर म्हणतात, "बाळात जन्मजात दोषाची शक्यता किती, हे पाहण्यासाठी रक्ताची एक चाचणी आहे. करायची का?" डॉक्टर कानडीत बोलतात, अहवाल इंग्रजीत येतो आणि घरी विचार मराठीत करावयाचा असतो. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी नव्हत्या असल्या चाचण्या, मुले झालीच ना?" नवरा म्हणतो, "डॉक्टर सांगतात तर करून टाकू." तिला मात्र कोणीच विचारीत नाही. रविवारी उपासनेनंतर ती शब्बाथ शाळेच्या बाईंना बाजूला घेऊन म्हणते, "बाई, मी काय करू?" आपण तिला काय सांगणार?

प्रथम हे सांगावे की, सर्व चाचण्या एकाच पारड्यात घालू नयेत. रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर ह्यांच्या तपासणीतून आईवर व बाळावर उपचार करता येतात. त्या टाळणे म्हणजे विश्वास नव्हे, हयगय होय. पाचव्या महिन्याच्या सुमारास होणाऱ्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयाचा दोष दिसला, तर बाळंतपण हैदराबादेस किंवा सोलापुरास मोठ्या इस्पितळात करण्याची तयारी वेळीच करता येते.

डॉक्टर विचारतात ती चाचणी निराळी आहे. तिला चाळणी चाचणी म्हणतात, आणि नाव योग्यच आहे. कलबुर्गीकडील गृहिणीस तूर कशी निवडतात हे शिकवावयास नको. चाळणीवर जे राहते ते सारेच खडे नसतात. म्हणून ती ते ताटात घेऊन पुन्हा निवडते. ही चाचणी "दोष आहे" असे सांगत नाही, शक्यता सांगते. '२५० त १' असा आकडा आला, तर तशा २५० मातांपैकी २४९ जणींच्या बाळाला तो दोष नसतो. निश्चित उत्तर हवे असेल, तर साधारण पंधराव्या आठवड्यानंतर सुईने गर्भजल काढून तपासावे लागते, व त्यात गर्भपाताचा धोका थोडा तरी असतोच. डाऊन सिंड्रोम म्हणजे एकविसावे गुणसूत्र एक जास्त असणे. आईचे वय विशीत असता हजाराहून अधिक जन्मांत असे एखादे बाळ असते. चाळिशीत सुमारे शंभरात एक. ह्यावर औषध नाही. म्हणूनच येथे वैद्यकाचा प्रश्न संपतो व विवेकाचा सुरू होतो.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने शिकविले. येथेही पतिपत्नींनी सुई टोचण्याआधी एकत्र बसावे व एकमेकांस विचारावे: नको ते उत्तर आले, तर आपण काय करू? "काहीही असो, बाळ आमचे आहे," असे मनापासून वाटत असेल, तर चाचणी न करणे प्रामाणिकपणाचे आहे. आणि तयारीसाठी करणे, हेही तितकेच प्रामाणिकपणाचे आहे. वाईट एवढेच की, सगळे करतात म्हणून करावी व मग उत्तर हाती पडल्यावर भीतीने निर्णय घ्यावा.

काही बंधू म्हणतील, ही यंत्रेच पापाचे मूळ आहेत. इतिहास आठवू या. गर्भजलाची चाचणी मुळात जन्मजात दोष ओळखण्यासाठी आली. परंतु मुंबईसारख्या शहरांत तिचा उपयोग पोटातील मुलगी शोधून नाहीशी करण्यासाठी होऊ लागला. म्हणून महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला व १९९४ साली देशाने केला. आज भालकीत काय नि उदगीरात काय, बाळाचे लिंग सांगणे गुन्हाच आहे. दोष सुईचा होता काय? ज्या घराला मुलगी नको होती, त्या घराने उत्तर आधीच ठरविले होते. अपंग बाळाचेही तसेच आहे. त्याच्याविषयी घराला व मंडळीला काय वाटते, त्यावर पुढचे सारे ठरते.

तरीही दुसऱ्यावर दगड उचलण्याची घाई नको. २००८ साली मुंबईतील एक दांपत्य डॉ. निखिल दातार यांच्यासह मुंबई उच्च न्यायालयात गेले. बाळाच्या हृदयाचा दोष कळेपर्यंत कायद्याची वीस आठवड्यांची मुदत उलटली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली; पुढे काही दिवसांत गर्भ आपोआप पडला. २०२१ साली कायदा बदलला व गंभीर दोष असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने मुदतीची अट उठली. मुदत गेली, ओझे गेले नाही. माझे मत स्पष्ट आहे: केवळ मतिमंद होईल म्हणून बाळ नाकारणे मला मान्य नाही. परंतु जन्मल्यावर तग धरूच शकणार नाही असे बाळ ज्या मातेच्या पोटी आहे, तिच्यासाठी मी प्रार्थना करीन, तिचा न्याय करणार नाही.

आणखी एक गोष्ट. आपल्या भागात मामाच्या किंवा आत्याच्या घरी मुलगी देण्याची रीत आहे. काही घरांत मामा-भाचीचेही लग्न लागते. नाते जितके जवळचे, तितका तोच छुपा दोष दोघांतही असण्याचा संभव अधिक. थॅलॅसेमियासारख्या रोगाचे दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणी बाळाला तो रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. हे रक्ताच्या तपासणीने साखरपुड्याआधीच कळते. तेव्हा विचारलेला प्रश्न कोणाच्याही जिवावर बेतत नाही. पाळकांनी तो तेव्हाच विचारावा.

जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी विचारले होते की पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे. प्रभूने तो प्रश्नच मोडून काढला. आपल्या मंडळीत मात्र तो अजून कुजबुजला जातो, आणि बहुधा आईच्याच पाठीमागे. दोन्ही पायांनी लंगडा असलेला मफीबोशेथ दाविदाच्या मेजावर नित्य जेवत असे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, आपल्या वर्गात अशा मुलासाठी चटईवर जागा आहे काय? त्याची आई प्रार्थना सभेला आली, तर तासभर त्याला कोण सांभाळील? आजारपणात गाडीभाड्याला कोण हातभार लावील?

ह्या प्रश्नांची उत्तरे आपल्याजवळ असतील, तरच त्या बहिणीला, "भिऊ नको," असे म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. निर्णय तिचा व तिच्या पतीचा राहील. मूल कसेही जन्मले तरी ते एकट्या तिचे राहणार नाही, एवढे मात्र आपण तिला आजच सांगू शकतो.